उरलेल्या तीन केमो गोळ्यांवर भागतील का?

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातून लिहितेय. आईला (वय ६१) अंडाशयाचा कॅन्सर निघाला, स्टेज ३-सी. नाशिकला आधी तीन केमो झाल्या, मग ऑपरेशन झालं, आता आणखी तीन सांगितल्या आहेत. दर वेळी दोन औषधं असतात, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. आईच्या हाताच्या शिरा काळ्या पडून कडक झाल्यात, नर्सला चार-चार वेळा टोचावं लागतं. बोटं बधिर झालीत, ब्लाउजचं हुक लागत नाही. 'आते सुई नको माले' एवढंच म्हणते. समोरच्या काकांना तोंडाचा कॅन्सर आहे. त्यांना मुंबईहून गोळ्या दिल्यात, ते घरीच घेतात, शेतातही चक्कर मारून येतात. माझ्या मामेबहिणीच्या नणंदेला तर आईचाच आजार, तिला अमेरिकेत गोळ्या चालू आहेत. मग आईलाच सुई का? भाऊ म्हणतो, गोळ्या हलक्या असतात, त्यांनी हा आजार हटणार नाही. डॉक्टर म्हणाले, 'गोळीचं नंतर बघू, त्याआधी एक जीनची तपासणी लागेल.' ती महाग आहे. प्रवास आणि खर्च, दोन्ही आता झेपत नाही. उरलेल्या तीन केमो गोळ्यांवर भागवता येतील का? आणखी एक. आईला कॅन्सर आहे हे माहीत आहे, पण किती पसरला होता ते आम्ही सांगितलेलं नाही. गोळ्या आल्याच तर 'ताकदीच्या' म्हणून देऊ का?

– एक लेक

उत्तर :

ताई,

आधी उत्तर देते, कारणं नंतर. या तीन केमो गोळ्यांवर भागणार नाहीत. कार्बोप्लॅटिनचं काम करेल अशी गोळी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आज वापरातच नाही. तेव्हा तुमचे डॉक्टर गोळी देत नाहीत ते जुन्या वळणाचे म्हणून किंवा हॉस्पिटलचं बिल वाढावं म्हणून नाही. (हा संशय तुम्ही लिहिलेला नाही. पण अशी पत्रं वाचून वाचून तो ओळींच्या मधे दिसायला लागतो.)

मात्र आईचं 'सुई नको' मी हट्ट समजून सोडून देणार नाही. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे त्रास एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. शिरा खराब झाल्या, हा सुईचा त्रास. बोटं बधिर झाली, हा औषधाचा त्रास, आणि तो औषध कुठूनही गेलं तरी झाला असता. प्रवास आणि पैसा हा तिसरा. या तिन्हींवर उपाय आहेत आणि ते करताना केमो सोडावी लागत नाही. त्याकडे येते, पण आधी 'गोळी का नाही' ते नीट सांगते, कारण ते कळलं नाही तर घरात रोज नवा वाद होईल.

आईला मिळणारी दोन्ही औषधं पोटातून नीट जात नाहीत. प्लॅटिनम धातूपासून बनलेली औषधं, म्हणजे सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन, शिरेतूनच द्यावी लागतात. प्लॅटिनमची गोळी करायचा प्रयत्न झाला होता, सॅट्राप्लॅटिन तिचं नाव. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर तिची मोठी चाचणीही झाली, पण मान्यता मिळाली नाही. पॅक्लिटॅक्सेलची अडचण वेगळीच आहे. आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये एक पंप असतो. शरीराला परका वाटणारा पदार्थ आत आला की तो उचलून पुन्हा आतड्यात फेकतो. पॅक्लिटॅक्सेलला तो असाच परत पाठवतो. त्यातूनही जे निसटतं त्याचा बराचसा भाग आतड्यातली आणि यकृतातली एन्झाइम्स रक्तात पोहोचायच्या आधीच मोडून टाकतात. त्यावर तोड काढायचे प्रयत्न चालूच आहेत. दक्षिण कोरियात २०१६ साली तोंडाने घ्यायच्या पॅक्लिटॅक्सेलला जठराच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत मात्र स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेला तसाच एक अर्ज २०२१ साली तिथल्या औषध प्रशासनाने परत पाठवला, आणि त्यांच्या आक्षेपांपैकी एक असा होता की गोळीच्या गटात पांढऱ्या पेशी घसरून होणारे धोके जास्त दिसले. गोळ्या 'हलक्या' असतात म्हणणाऱ्या तुमच्या भावाला हे जरूर वाचून दाखवा.

या पॅक्लिटॅक्सेलचं तुमच्या जिल्ह्याशी नातं आहे, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे औषध वेगळं काढून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडणाऱ्या शास्त्रज्ञांत मनसुख वाणी होते. जन्म नंदुरबारचा, १९२५ सालचा. मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी हे काम केलं. आणि १९९२ साली अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती अंडाशयाच्याच कॅन्सरसाठी. आईला हे सांगा. सुई टोचून घेताना आपल्याकडच्या माणसाचं नाव आठवलं तर दुखणं कमी होतं असं मी म्हणत नाही, पण डे केअरच्या खाटेवर पाच-सहा तास बोलायला काहीतरी लागतंच.

हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात विरघळवतात, आणि त्या द्रावकाची काहींना जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. केमोआधी आईला डेक्सामेथासोन आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शनं देतात ती त्यासाठी. ती केमो नव्हेत, पण सुयांच्या हिशोबात आई त्यांनाही धरत असणार.

कार्बोप्लॅटिनचा डोस कसा ठरतो हेही जाणून घेण्यासारखं आहे. त्यात वजन-उंचीपेक्षा मूत्रपिंडं किती काम करतात ते महत्त्वाचं असतं. क्रिएटिनिनवरून हिशोब मांडतात आणि तेवढंच औषध देतात. शिरेतून दिलं की ठरवलेलं सगळं रक्तात पोचतं. गोळीत तसं नसतं. कोणाच्या पोटातून किती शोषलं जाईल याचा नेम नसतो, आणि अंडाशयाचा हा आजार तर पोटातच पसरतो. पोटात पाणी होतं, आतड्यांवर गाठी बसतात, उलट्या होतात. नेमक्या याच बायकांच्या आतड्यांवर भरवसा ठेवून पहिल्या फळीतलं औषध द्यायचं, हे जोखमीचं आहे.

गोळी म्हणजे नवीन आणि सुई म्हणजे जुनी, हा समजही उलटा आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत अंडाशयाच्या कॅन्सरला मेल्फालनच्या गोळ्याच देत असत. प्लॅटिनम आलं आणि त्या मागे पडल्या. पुढे १९९६ साली एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. सिस्प्लॅटिनच्या जोडीला आधीच्या सायक्लोफॉस्फामाइडऐवजी पॅक्लिटॅक्सेल दिलं, तेव्हा पुढे गेलेल्या आजाराच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्म्या रुग्ण ज्याच्या पुढे जगल्या तो काळ) २४ महिन्यांवरून ३८ महिन्यांवर गेलं. नंतर सिस्प्लॅटिनची जागा सोसायला सोप्या कार्बोप्लॅटिनने घेतली. आईला जे मिळतंय ते हेच. गेल्या २५ वर्षांत त्याला हटवायचे पुष्कळ प्रयत्न झाले, त्याच्या भोवती नवी औषधं जोडली गेली, पण पाया तोच राहिला.

आता समोरचे काका. मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत, पण मुंबईहून गोळ्या म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरवर ही स्वस्त जोडी आणि शिरेतलं सिस्प्लॅटिन यांची समोरासमोर तुलना केली. २०२० साली निष्कर्ष छापून आले. गोळ्यांच्या गटात मध्यम आयुर्मान ७.५ महिने, सिस्प्लॅटिनच्या गटात ६.१. म्हणजे तिथे गोळी खरोखर सरस ठरली, आणि आपल्याच मुंबईत ठरली याचा मला अभिमान आहे. पण आकडे पुन्हा वाचा, ताई. ते महिने आहेत. ज्यांचा आजार ऑपरेशन किंवा रेडिएशनने बरा करण्याच्या पलीकडे गेला होता, अशा लोकांवरची ती चाचणी होती. त्यांचा उरलेला काळ वाढावा आणि सुसह्य व्हावा हा तिचा हेतू. काका कोणत्या टप्प्यावर आहेत मला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारू नका. आईची गोष्ट निराळी आहे. तिचं ऑपरेशन झालंय, गाठी काढल्यात, आणि उरलेल्या तीन केमो डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी आहेत. इथे आपल्याला वर्षं मिळवायची आहेत.

मामेबहिणीच्या नणंदेला जी गोळी चालू आहे ती माझ्या अंदाजाने ओलापॅरिब किंवा निरापॅरिब असावी. ही केमो नाही. केमो संपल्यावर आजार परत येऊ नये म्हणून द्यायची ती गोळी आहे, आणि तुमचे डॉक्टर 'नंतर बघू' म्हणाले ती हीच. आपल्या पेशींच्या डीएनएत रोज मोडतोड होत असते आणि ती दुरुस्त करायच्या वेगवेगळ्या वाटा पेशीत असतात. बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष असलेल्या कॅन्सरपेशीत यातली एक वाट आधीच बंद असते. ही गोळी दुसरी वाट बंद करते आणि पेशी मरते. दोष नसेल तर गोळीचा फायदा बराच कमी होतो. म्हणून ती 'जीनची तपासणी'.

फायदा किती? बीआरसीए दोष असलेल्या, पहिल्या केमोला चांगला प्रतिसाद दिलेल्या बायकांना दोन वर्षं ओलापॅरिब दिलं. सात वर्षांनी गोळीच्या गटात १०० पैकी ६७ जणी हयात होत्या, नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत साधारण ४७. या आजारात असा फरक मी माझ्या उमेदीच्या काळात पाहिला नव्हता. पण अट काय होती ते बघा : 'पहिल्या केमोला चांगला प्रतिसाद'. त्या सगळ्या जणींनी आधी प्लॅटिनमची शिरेतली केमो घेतली होती. आज सुई नको म्हणून आईने तीन डोस सोडले, तर उद्याच्या गोळीचाही पायाच कच्चा राहील. त्या नणंदेनेही अमेरिकेत आधी सलाइन चढवून घेतलेलंच असणार. एकदा फोन करून विचारा.

जाता जाता एक उलटं उदाहरण. बेव्हासिझुमॅब हे औषध या आजारात शिरेतून देतात आणि तेही केमो नाही. शिरेतून जाते ती केमो आणि तोंडाने घेतो ती साधी गोळी, ही वाटणी डोक्यातून काढून टाका.

मग अंडाशयाच्या कॅन्सरला गोळ्यांची केमो कधीच नसते का? असते, पण पुढच्या टप्प्यावर. आजार उलटला, त्यातही प्लॅटिनमनंतर सहा महिन्यांच्या आत उलटला, की काही जणींना इटोपोसाइडच्या कॅप्सूल किंवा रोज थोडी थोडी सायक्लोफॉस्फामाइड देतात. १९९८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारातही तोंडाने घ्यायच्या इटोपोसाइडने चारातल्या साधारण एकीच्या गाठी लहान झाल्या होत्या. त्या टप्प्यावर हे कमी नाही. घरी राहता येतं, सुया वाचतात, नातवंडांत दिवस जातो. तेव्हा गोळी हा शहाणपणाचा पर्याय असू शकतो, आणि तशी वेळ आलीच तर मीही तो सुचवीन.

एकच औषध गोळीतून आणि शिरेतून देऊन केलेली थेट तुलनाही आहे. २००२ साली छापून आलेल्या या चाचणीत आजार उलटलेल्या २६६ बायका होत्या आणि औषध टोपोटेकॅन. शिरेतून घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांच्या गाठी आकसल्या, तोंडाने घेतलेल्यांपैकी १३ टक्क्यांच्या. मध्यम आयुर्मान ५८ आठवडे आणि ५१ आठवडे. पांढऱ्या पेशी मात्र गोळीच्या गटात कमी घसरल्या. म्हणजे सोयीची काही किंमत मोजावी लागली. ती द्यायची की नाही हे रुग्णाने ठरवायचं असतं. कॅनडात १९९७ साली बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना हेच विचारलं होतं. दहातल्या जवळजवळ नऊ जणांना गोळी हवी होती. पण गुण कमी येणार असेल तरी गोळीच घ्याल का, यावर ७० टक्के लोक नाही म्हणाले. आईला हा प्रश्न कोणी अजून विचारलेला दिसत नाही. 'सुई हवी का' विचारलं तर कोणीही नाहीच म्हणेल.

आता तिच्या त्रासांकडे वळते.

शिरांसाठी पोर्ट हे उत्तर आहे. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली छोटी डबी बसवतात, तिची नळी मोठ्या शिरेत सोडतात. नंतर प्रत्येक केमो त्या डबीतून. हाताला हात लावायचा नाही. रक्ततपासणीचं रक्तही बहुतेक वेळा तिथूनच काढता येतं. बसवायला साधारण तासभर लागतो, बहुधा जागा बधिर करून करतात. वापर नसताना ठरावीक काळाने ती धुवून घ्यावी लागते, आणि जागा लाल झाली, ताप-थंडी आली तर ताबडतोब दाखवावं लागतं. तीनच डोससाठी पोर्ट कशाला, असं काही जण म्हणतील. दंडातून घालायची लांब नळी, पीआयसीसी, हा तुलनेने स्वस्त पर्याय आहे, फक्त तिचं ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावं लागतं. माझं मत विचाराल तर चार-चार वेळा टोचावं लागत असताना तिसऱ्या डोसपर्यंत कोणी हा विषयच काढला नाही, हे बरं झालं नाही. आता तुम्ही काढा.

बोटांचा बधिरपणा पॅक्लिटॅक्सेलमुळे येतो. हा त्रास लोक सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं केमोत असं व्हायचंच. आईला ब्लाउजचं हुक लागत नाही, हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. नुसतं 'मुंग्या येतात' म्हणालात तर ते कागदावर सौम्य म्हणून नोंदलं जाईल. हुक लागत नाही म्हणजे रोजच्या कामात अडथळा, आणि तिथे डॉक्टर डोस कमी करू शकतात, पॅक्लिटॅक्सेलऐवजी डोसिटॅक्सेल किंवा लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन देऊ शकतात, गरज पडली तर नुसत्या कार्बोप्लॅटिनवर पुढे जाऊ शकतात. गाभ्याचं औषध कार्बोप्लॅटिन आहे. ते चालू राहायला हवं. साखर आणि बी-१२ तपासून घ्या, तेही बोटं बधिर करतात. चुलीपाशी, गरम पाण्यापाशी तिला जपा. चटका बसलेला कळत नाही.

प्रवासासाठी एक साधी गोष्ट करा, बरेच जण करत नाहीत. केमोच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन गावातच करून रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर नाशिकला पाठवा. पेशी कमी असतील तर तिथे जाऊन हात हलवत परत येणं वाचतं. पेशी भरून येण्यासाठी डोस आठवडाभर पुढे गेला तर घाबरू नका, तसं होतं. ऑपरेशननंतर महिने घालवणं मात्र महागात पडतं. साधारण चार ते सहा आठवड्यांत केमो परत सुरू व्हायला हवी. जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात झाली आहे. तुमच्याकडे केंद्र सुरू झालं आहे का ते जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि असेल तर नाशिकच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन निदान एखादा डोस तिथे देता येईल का तेही विचारा.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोची पॅकेजेस आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांनाच गाठा. आणि नंतरची गोळी यादीत बसते का, हे आत्ताच विचारून ठेवा. खासगी विमा असेल तर हे लक्षात ठेवा : विमा नियामकाने २०१९ साली ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही असं सांगितलं त्यात तोंडाने घ्यायची केमोही आहे. कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकते, पण 'दाखल झाला नाहीत, गोळी आहे, म्हणून पैसे नाहीत' एवढ्यावर गप्प बसू नका. लेखी मागा.

जीनच्या तपासणीचा खर्च मला तुमच्यासाठी करावासा वाटतो, आणि 'तुमच्यासाठी' हा शब्द मुद्दाम वापरतेय. या प्रकारच्या कॅन्सरच्या साधारण पाचातल्या एका बाईत बीआरसीएचा दोष सापडतो. तो आईच्या रक्तात, म्हणजे जन्मजात निघाला, तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, भावातही निम्मी. तुमच्या बाबतीत स्तनांच्या आणि अंडाशयांच्या तपासण्या, पुढचे निर्णय, सगळं त्यावरून ठरेल. भावाला वाटेल हा बायकांचा आजार आहे, पण दोष त्याच्याकडून त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो. तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलता आलं तर बोला. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत ते असतात.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. ताकदीच्या गोळ्या म्हणून देऊ का? नाही. अजिबात नाही, आणि यात भावनेचा प्रश्न दुय्यम आहे. सलाइन चढवताना नर्स असते, डॉक्टर असतात, नाव-डोस दोनदा तपासला जातो. गोळी घरी आली की ते सगळं काम आईवर आणि तुमच्यावर येतं. ताकदीची गोळी माणूस एखाद्या दिवशी विसरतो, दुसऱ्या दिवशी दोन घेतो. ओलापॅरिबच्या बाबतीत हे चालत नाही : चुकलेली वेळ सोडून द्यायची, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. त्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन उतरतं, मळमळ होते, कमालीचा थकवा येतो, क्वचित काही वर्षांनी रक्ताचा गंभीर आजारही होतो. म्हणून दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. ताकदीच्या गोळीने थकवा आला तर आई ती गुपचूप फेकून देईल, आणि तिचं काही चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

केमोच्या गोळ्या असतील तर त्या कुटायच्या नाहीत, अन्नात मिसळायच्या नाहीत, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हातही लावायचा नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. ओलापॅरिबवर असताना ग्रेपफ्रूट वर्ज्य असतं, आणि त्याच्याच कुळातलं पपनस खायच्या आधीही विचारून घ्यायचं. काढे, चूर्णं, शेजाऱ्यांनी दिलेली गुळवेल यांचंही तसंच. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या घटना मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवून प्रसिद्ध केल्या आहेत. आणि सुई असो की गोळी, १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे रात्र असली तरी हॉस्पिटल. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.

हे सगळं ज्या बाईला पाळायचं आहे तिला ती काय घेतेय हे माहीत असायला हवं. तुम्ही तिच्यापासून लपवताय ते प्रेमापोटी, ते मला कळतं. पण एकसष्ट वर्षांच्या बाईला पोट उघडून ऑपरेशन झाल्यावर काही कळलेलं नसेल असं वाटत असेल तर तुम्ही तिला कमी ओळखता. स्टेजचा आकडा सांगायलाच हवा असं नाही. तिला विचारा, 'आई, तुला आजाराबद्दल काय काय जाणून घ्यायचंय?' आणि ती विचारील तेवढ्याचं खरं उत्तर द्या. ते जमत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की आईशी पाच मिनिटं एकटीशी बोला, आणि तुम्ही भावाला घेऊन बाहेर बसा.

पोर्टसाठी मात्र भेटीची वाट बघू नका. उद्याच फोन करा, कारण तो बसवायचा झाला तर पुढच्या डोसच्या आधी काही दिवस हाताशी लागतील.